हौशी गिटारवादकाने भावगीतांचा समूह कसा निवडावा?

प्रश्न : सहा तारा (पुणे)

मी नोकरी सांभाळून हौसेखातर गिटार वाजवतो. साथीला हात बरा बसला आहे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) जेमतेम वाचता येते, रागसंगीताचे शिक्षण मात्र झालेले नाही. मराठी भावगीते आणि भक्तिगीते सादर करणाऱ्या एखाद्या हौशी समूहात कायमचे सामील व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. एका समूहाची सगळी तयारी दिवाळी पहाटेपुरती होती आणि कार्यक्रम पार पडताच मंडळी पांगली. दुसरीकडे गायन कराओके ट्रॅकवर चालत असे, त्यामुळे माझ्या वाद्याला तिथे काही कामच नव्हते. तिसऱ्या ठिकाणी गाणारे मनापासून गात, पेटी-तबल्याची साथही उत्तम होती, परंतु माझे कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वरसमूह) त्यांना खटकत आणि ते नेमके का खटकतात हे कोणी सांगू शकत नसे. मला बिदागी नको आहे. आठवड्यातून एकदा नेमाने तालीम व्हावी आणि वाजवणाऱ्यांनी एकमेकांचे ऐकावे, एवढीच अपेक्षा आहे. असा समूह शोधताना काय पाहावे?

प्रतिसाद : पायपेटी (पुणे)

आपण तिसरा समूह सोडला असल्यास तिथे पुन्हा जावे, असे मला वाटते, कारण त्यांचे खटकणे हे ते ऐकत असल्याचेच लक्षण आहे. मी भावगीतांना पेटीची साथ करतो, त्यामुळे कारणाचा अंदाज बांधू शकतो. बऱ्याच भावगीतांत शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार, म्हणजे ‘ग’ स्वराची चढी आणि उतरी रूपे, येतात. गायक मींडेने, म्हणजे स्वरावरून अखंड घसरत, कोमल गंधाराकडे उतरत असताना गिटारवर शुद्ध गंधार असलेला मेजर कॉर्ड वाजला, तर दोन स्वर एकमेकांवर आदळतात आणि गायकाचा सूर डळमळतो. अशा जागी कॉर्डमधला गंधार गाळून केवळ षड्ज-पंचम (सा-प) ठेवावा आणि पुढची हालचाल गायकावर सोडावी. कॉर्ड भराभर बदलले, तरी ऐकणाऱ्याच्या मनातला षड्ज हलतो, म्हणून तानपुरा चालू असेल तिथे जितके कमी बदल तितके बरे.

दुसरी बाब सूर जुळवण्याची. जुन्या पेटीचे रीड आपल्या ट्यूनरच्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराशी जुळतीलच असे नाही आणि ते बसल्या बैठकीत बदलता येत नाहीत. त्यामुळे तबला आणि गिटार या दोघांनीही पेटीला मिळवून घ्यावे लागते. नवा वादक आल्यावर पेटीवाला आधी आपला सूर धरून देतो की थेट गाण्याला सुरुवात करतो, हे अवश्य पाहावे. मी स्वतः समूहाची पारख यावरूनच करतो.

प्रतिसाद : मंगळवारची तालीम (डोंबिवली)

वरचे सांगीतिक विवेचन पटले, तरी हौशी समूह मोडतात ते बहुधा सुरांमुळे नव्हे. आमच्या समूहाचे व्यवस्थापन माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की गाणी कोण निवडतो, तालमीला न आलेल्याचे गाणे कार्यक्रमात राहते का, आणि जागेचे व ध्वनिव्यवस्थेचे पैसे कसे वाटले जातात, हे पहिल्याच भेटीत विचारावे. जिथे उत्तर द्यायला टाळाटाळ होते, तिथे पुढे रुसवेफुगवे ठरलेले असतात. तालीम सोसायटीत होत असेल तर वेळही विचारून घ्यावी. नोकरदार मंडळी जमेपर्यंत साडेआठ वाजतात, शेजारी मात्र दहानंतर आवाज खपवून घेत नाहीत. कोणतेही वचन देण्यापूर्वी वाद्य न नेता एक तालीम बसून ऐकावी. एखादे कडवे फसल्यावर ते थांबून पुन्हा घेतले जाते की तसेच पुढे रेटले जाते, ते तिथे कळते.

प्रतिसाद : मांडवीकाठ (पणजी)

स्टाफ नोटेशन थोडेफार येते, असे आपण ओझरते लिहिले आहे. तो गुण वाया घालवू नये. आमच्याकडे चर्चच्या संगीतशाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन शिकवले गेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संगीतकार मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्या कामासाठी नावाजले गेले, त्यात प्रत्येक वाद्यासाठी काय वाजवायचे ते लिहून देण्याचा मोठा वाटा होता. आपण गाण्याचा मुखडा, अंतरा, मधले म्युझिक आणि मात्रा एका कागदावर मांडून सर्वांना दिल्या, तर ज्या समूहाला तालमीची खरी आस आहे तो आपल्याला जाऊ देणार नाही. मात्र रूपक ताल लिहिताना जपावे. सात मात्रांच्या या तालात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ या टाळी नसलेल्या हलक्या जागी येते, त्यामुळे पहिल्या मात्रेवर जोरकस स्ट्रोक दिला की तबलावादकाला ते लगेच बोचते.

सहा तारा

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या समूहाला उद्याच फोन करतो. तिथल्या गायिका काळी चार आणि काळी पाचमध्ये (पेटीची चौथी व पाचवी काळी पट्टी षड्ज धरून) गातात, तर गायक काळी एकमध्ये. प्रत्येक गाण्याला पट्टी बदलताना माझी तारांबळ उडत असे.

पायपेटी

ते कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, सुटेल. पहिल्या घरात कॅपो लावून जी मेजरचा आकार धरला की काळी चार मिळते, तिसऱ्या घरात तोच आकार काळी पाच देतो आणि काळी एकसाठी पहिल्या घरात सी मेजरचा आकार चालतो. हे सर्व पेटी ४४० ला मिळालेली असेल तर. नसेल, तर आधी पेटीच्या षड्जाला तारा लावून घ्याव्यात आणि कॅपो बसवल्यावर पुन्हा एकदा तपासाव्यात, कारण त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात.