मुलांसाठी एका दिवसाचं भाषण नको, वर्षभर टिकेल असं काहीतरी हवं

खटपट्या: आमच्या गटात १२ ते १७ वयाची ३० मुलं आहेत आणि वेळ द्यायला तयार असलेली १५ मोठी माणसं. एका मुलामागे एक मेंटॉर, म्हणजे त्याला नियमित भेटणारं, सोबत करणारं मोठं माणूस, अशी कल्पना आहे. किती जोड्यांनी सुरुवात करावी, किती वेळ द्यावा आणि असे उपक्रम नेमके कुठे फसतात?

दीर्घसूत्री: आधी १५ हा आकडा विसरा. 'वर्षभर, दर आठवड्याला एक तास' असं लेखी मागितलंत की त्यातले काही जण आपोआप गळतील, आणि ते सुरुवातीलाच गळलेले बरे. ८ जोड्या करा आणि २ माणसं राखीव ठेवा. कुणाची बदली होते, कुणी आजारी पडतं.

वर्षाचा आग्रह उगाच नाही. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२च्या मेंटॉरिंगवरच्या अभ्यासात वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा दिसला. जिथे नातं ३ महिन्यांच्या आत तुटलं, तिथे मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटलेला आढळला. म्हणजे अर्धवट सोडण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

पहिल्या महिन्यात सल्ला देऊ नका, सोबत काहीतरी करा. नंतर कधीतरी मूल दोनदा न कळवता येत नाही आणि मेंटॉरला वाटतं, याला आपण नकोसे झालोय. बहुतेकदा हा माणूस टिकतो का, हेच ते चाचपून बघत असतं. ठरल्या वेळी ठरल्या जागी जाऊन बसायचं आणि 'पुढच्या आठवड्यात याच वेळी आहे' एवढाच निरोप ठेवायचा. रागवायचं नाही, समजूतही घालत बसायचं नाही.

कुंपण: सुरक्षेचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. प्रत्येक मेंटॉरसाठी नात्याबाहेरच्या दोन माणसांशी फोनवर बोला. 'माणूस कसा आहे?' असं विचारलं की 'चांगला आहे' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'तुमचं मूल यांच्याकडे एकटं सोडाल का?' असं विचारा आणि उत्तराआधीची शांतता ऐका. पोलिस पडताळणीची सोय असेल तर तीही करून घ्या.

भेट चारचौघांत दिसेल अशा जागी, कुणाच्या घरी नाही. मेसेज फक्त अशा ग्रुपवर, जिथे पालकही आहेत. पैसे उसने देणं, महागड्या भेटवस्तू, रात्रीचे फोन बंद. आणि मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. त्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावंच लागणार, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करा.

एक समन्वयक नेमा. त्याने मेंटॉर होऊ नये. सुरुवातीचे ३ महिने दर १५ दिवसांनी मेंटॉर, मूल आणि पालक या तिघांना वेगवेगळा फोन करायचा. हे कंटाळवाणं काम कुणी घेत नाही आणि उपक्रम नेमका तिथेच ढेपाळतो.

उलटतपासणी: दोन गोष्टी टाळा. 'बिघडलेली' मुलं निवडून त्यांचाच वेगळा गट करू नका. डिशियन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की अशा गटांत मुलं एकमेकांच्याच वागण्याला दाद देतात आणि वागणं आणखी बिघडू शकतं. तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या कार्यक्रमांचंही तेच, त्यांनी गुन्हे कमी न होता वाढल्याचं आढळलं आहे. गट मिसळलेलाच ठेवा.

दुसरं, उपक्रमाच्या समितीत दोन मुलं शोभेला बसवू नका. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ साली मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही, आणि शोभेपुरतं बसवणं त्यातच येतं. एक छोटी रक्कम पूर्णपणे मुलांच्या हाती द्या. मर्यादा आधीच लिहून ठेवा, मग त्यांचा निर्णय आवडला नाही तरी फिरवायचा नाही. एकदा फिरवलात की पुढच्या बैठकीला कोणी येणार नाही.

खटपट्या: पटलं. पण ८ जोड्या केल्या तर उरलेल्या २२ मुलांचं काय?

दीर्घसूत्री: त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडी ठेवा. दोन मोठी माणसं कायम हजर हवीत, मुलं १५च्या वर गेली तर तिसरं. नाव नोंदवण्याची सक्ती नको, पण कोण आलं-गेलं त्याची वही हवी. हातात काम असलं की गप्पा आपोआप निघतात. सायकलचं पंक्चर घ्या: ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायचं, पुसून कोरडी करायची, भोकाभोवती सँडपेपर घासायचा, सोल्यूशन पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग पॅच दाबायचा. पोरं ओल्या सोल्यूशनवरच पॅच ठेवतात आणि तो निघतो. निघू द्या. 'आण इकडे' म्हणत मोठा माणूस हातातून ट्यूब ओढतो, तिथेच मुलाचा रस संपतो.

कुंपण: आणि वेळापत्रक दारावर लावलंत की एकही संध्याकाळ बुडवू नका. दोन संध्याकाळ झेपत नसतील तर पहिल्यापासून एकच जाहीर करा.