‘हायरार्किकल’ या विशेषणाचा अर्थ आणि वापर

‘हायरार्किकल’ (hierarchical), म्हणजे पायरीपायरीने रचलेले, या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत श्रेणीबद्ध, पदानुक्रमी, सोपानबद्ध, स्तरबद्ध असे अनेक प्रतिशब्द सुचवले जातात आणि त्यांपैकी बरोबर कोणता, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते या एका विशेषणात अधिकार आणि समावेश असे दोन वेगळे अर्थ वावरतात आणि ते आधी सुटे केल्याशिवाय प्रतिशब्दाची निवड करता येत नाही.

मूळ ग्रीक शब्दाची घडण ‘पवित्र’ आणि ‘सत्ता चालवणे’ या दोन घटकांतून झाली आहे. धर्मविधींचा प्रमुख असणाऱ्याचा अधिकार, असा त्याचा पहिला अर्थ होता. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने देवदूतांचे तीन-तीनांच्या तीन गटांत मिळून नऊ वर्ग कल्पिले आणि त्या रचनेला हा शब्द लावला. पुढे तो धर्मगुरूंच्या अधिकारक्रमाला आणि त्यानंतर कोणत्याही पायरीपायरीच्या व्यवस्थेला लागू झाला. वरच्याकडे अधिकार आणि खालच्याकडे आज्ञापालन, ही छटा त्यात पहिल्यापासूनच आहे.

मात्र नुसता क्रम असला म्हणजे रचना हायरार्किकल होत नाही. गुणवत्ता यादीत पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम असतो, पण पहिल्याचा दुसऱ्यावर कोणताही अधिकार नसतो आणि दुसरा पहिल्याच्या पोटातही येत नाही. म्हणून तिथे ‘क्रमवार’ हाच शब्द योग्य आहे. खरी हायरार्किकल रचना पाहायची तर शिवाजी महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था आठवावी. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोडा मिळालेल्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि या सर्वांवर सरनोबत, अशी ती बांधणी होती. इथे प्रत्येक पातळीवर बरोबरीचे अनेक जण आहेत, प्रत्येकाचा वरिष्ठ ठरलेला आहे आणि खालचा गट वरच्या गटात पूर्णपणे सामावलेला आहे. अधिकार आणि समावेश ही दोन्ही अंगे या एकाच उदाहरणात एकत्र आली आहेत, म्हणूनच ती वेगळी असू शकतात हे चटकन लक्षात येत नाही.

जीवशास्त्रातील वर्गीकरण घेतले की ती वेगळी दिसतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या पातळ्यांत कोणी कोणाला हुकूम देत नाही. कुलात प्रजाती येतात आणि प्रजातीत जाती येतात, एवढाच संबंध असतो. संगणकातील फोल्डरमधल्या फोल्डरांचेही तसेच आहे. अशा ठिकाणी ‘पदानुक्रमी’ हा शब्द सरळसरळ चुकीचा ठरतो, कारण तिथे कोणतेही पद नसते. ‘स्तरबद्ध’ हा शब्द मला इथे निर्दोष वाटतो. उलट लोकप्रशासनाच्या पुस्तकांतील ‘पदसोपान’ हा शब्द तलाठ्यापासून मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांताधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत चढत जाणाऱ्या महसुली रचनेला नेमका बसतो.

‘श्रेणीबद्ध’ या सर्वांत रूढ शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. ‘श्रेणी’ या शब्दात उच्चनीचता मुळातच होती असे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या) शिलालेखात गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) उल्लेख आहे; त्यांपैकी दोन हजार विणकरांकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवलेले होते. तिथे श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. आज मात्र प्रथम श्रेणी, वेतनश्रेणी अशा वापरांमुळे दर्जाचा अर्थ त्या शब्दाला घट्ट चिकटला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भारतीय समाजाच्या ज्या विषमतेवर बोट ठेवले, तिला मराठीत ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हणतात आणि तिथे या शब्दाला पर्याय नाही. त्या विषमतेत प्रत्येक थराच्या खाली आणखी एक थर असल्यामुळे, ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाही आपल्याखाली कोणीतरी असल्याचे समाधान मिळते आणि सगळे पीडित एकत्र येत नाहीत. नुसते ‘विषमता’ म्हटले तर ही यंत्रणाच नजरेआड होते. जातींच्या संदर्भात ‘उतरंड’ हा शब्दही आपण वापरतो. एकावर एक रचलेल्या मडक्यांसाठी असलेल्या या शब्दात सगळा भार सर्वांत खालच्याने वाहायचा असतो, हे आपोआप येते. त्यामुळे जीवशास्त्राच्या किंवा संगणकाच्या लेखनात ‘उतरंड’ वापरणे मला अनुचित वाटते.

न्यायव्यवस्थेच्या बाबतीत विशेषणाची निवड अधिक जपून करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो आणि उच्च न्यायालयांना आपल्या प्रदेशातील न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार अनुच्छेद २२७ ने दिला आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांवर तशी देखरेख करण्याचा अधिकार देणारा अनुच्छेद संविधानात नाही. म्हणजे अपिलांचा मार्ग पायरीपायरीचा असला, तरी प्रशासकीय अधिकाराची साखळी त्याच रेषेत वरपर्यंत जात नाही. या रचनेला ‘पदानुक्रमी’ म्हटले तर वाचकाचा गैरसमज होईल. ‘अपिलांच्या दृष्टीने स्तरबद्ध’ असे लिहिणे लांब असले तरी अचूक आहे. सत्र न्यायालयांना किंवा दिवाणी न्यायालयांना सरसकट ‘खालची न्यायालये’ म्हणण्याची सवयही याच कारणासाठी सोडायला हवी.

राहिला बोलण्यातील वापर. ‘आमच्या कार्यालयात फार हायरार्किकल वातावरण आहे’ या वाक्यात बोलणाऱ्याला रचनेचे वर्णन करायचे नसते, तर तक्रार करायची असते. ‘श्रेणीबद्ध वातावरण’ असे भाषांतर केले तर ती तक्रार हरवते आणि वाक्य कृत्रिम होते. ‘आमच्या कार्यालयात माणसापेक्षा त्याच्या हुद्द्याला जास्त मान आहे’ किंवा ‘साहेबांना विचारल्याशिवाय आमच्याकडे काहीच हलत नाही’ असे म्हटले की नेमके काय खटकते ते कळते, आणि विशेषणाची गरजही उरत नाही.