एफएमचं पहिलं गणित कुठे चुकलं
जाहिराती नव्हत्या म्हणून सुरुवातीची खासगी एफएम केंद्रं अडचणीत आली, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. मूळ दुखणं परवान्याच्या अटीत होतं. प्रसारणासाठीच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा. खासगी एफएम परवान्यांच्या पहिल्या टप्प्याचा लिलाव १९९९ चा. त्यात वार्षिक शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी, तेही चक्रवाढीने वाढणार होतं. म्हणजे दहाव्या वर्षी साधारण साडेतीन पट, उत्पन्न कितीही असो! अनेकांनी बोली जिंकूनही केंद्र सुरूच केलं नाही. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क असा बदल झाला (किमान रकमेची अट होतीच). खासगी एफएमवर बातम्या देण्याची बंदी मात्र तशीच राहिली. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची मुभा दिली, एवढंच.