उपचारांदरम्यान ‘उरलेली’ स्त्रीबीजे संशोधनाला देणे : कोणती खबरदारी घ्यावी?

प्रश्न :
दादरच्या एका केंद्रात माझे आयव्हीएफ उपचार चालू असून आज इंजेक्शनांचा आठवा दिवस आहे. काल उपचारांच्या संमतीपत्रांच्या गठ्ठ्यातच ‘उरलेली स्त्रीबीजे संशोधनासाठी देण्यास हरकत नाही’ असा एक कागद सहीसाठी पुढे आला. बीजे देण्यास माझी ना नाही. मात्र ‘उरलेली’ म्हणजे नेमकी कोणती आणि ते कोण ठरवणार, हे कोणीच सांगितले नाही. सही केली नाही तर उपचारांत हयगय होईल का, ही भीतीही वाटते.

प्रतिसाद, भ्रूणशास्त्र प्रयोगशाळेतून :
इक्सी (एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून ते फलित करण्याची पद्धत) करताना अपक्व निघालेली किंवा फलित न झालेली बीजे एरवीही टाकूनच दिली जातात; ती दिल्याने तुमचे काही कमी होत नाही. पक्व बीजांचे तसे नाही. त्यांतली किती फलित होतील आणि किती भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकतील, हे बीजे काढण्याच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी एकही पक्व बीज ‘उरलेले’ नसते. संशोधनाला जास्त बीजे मिळावीत म्हणून औषधांचा डोस वाढवला जाणार नाही, हेही लेखी घ्या, कारण अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका तुमच्या शरीराला आहे.

प्रतिसाद, एथिक्स कमिटीवरील (संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे ना, हे तपासणाऱ्या समितीवरील) सामान्य नागरिक सदस्य :
तुमची भीती रास्त आहे आणि तिची जबाबदारी केंद्राची आहे. ज्यांच्या हाती आपले उपचार आहेत, त्यांना नाही म्हणणे फार कठीण असते. दक्षिण कोरियात मानवी भ्रूणांच्या क्लोनिंगवर संशोधन करणाऱ्या ह्वांग वू-सुक यांच्या प्रयोगशाळेतील कनिष्ठ महिला संशोधकांनीच बीजे दिल्याचे 2005 साली उघड झाले, तेव्हाही कळीचा मुद्दा हाच होता. म्हणून संशोधनाची संमती स्वतंत्र कागदावर, उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, विचाराला वेळ देऊन घ्यावी असे मी आग्रहाने म्हणेन. प्रकल्पाला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि संमती कधीपर्यंत मागे घेता येईल, हेही विचारा. संशोधनासाठी बीजे किंवा भ्रूण परदेशी पाठवण्यास आपल्या 2021 च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने मनाई आहे.

प्रश्नकर्ती :
कागद सही न करता घरी आणला आहे. ‘उरलेली’ हा शब्द खोडून तिथे ‘अपक्व अथवा फलित न झालेली’ असे लिहून मिळाले, तरच सही करीन.