२०० ॲम्पिअरच्या इन्व्हर्टर वेल्डिंगला किती केव्हीएचा जनरेटर घ्यावा?

गेट_ग्रिल_बार्शी: साइटवर लाइट नसते, म्हणून जनरेटर विकत घ्यायचाय. मशीन सिंगल फेज इन्व्हर्टर, २०० ॲम्पिअर. काम गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचं. बहुतेक १० नंबरचा वेल्डिंग रॉड, पातळ पाइपला त्याहून बारीक १२ नंबर. सोबत ४ इंची ग्राइंडर आणि १४ इंची कटर. भाड्याच्या ३ केव्हीए पेट्रोल जनरेटरवर १२ नंबर कसाबसा चालतो; १० नंबर लावला की इंजिन दबतं आणि रॉड चिकटतो. दुकानदार म्हणतो ५ केव्हीए पुरेल. पुरेल का?

आर्क_आणि_अँप: ५ अगदी काठावर आहे, घेऊ नका. मशीनवरचे २०० ॲम्पिअर सोडा, रॉडवरून हिशेब करा. १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी, त्याला साधारण १२० ॲम्पिअर. आर्कचं व्होल्टेज २० अधिक ०.०४ गुणिले ॲम्पिअर धरतात, म्हणजे २४.८. गुणाकार जवळपास ३ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इनपुट ३.५ किलोवॅट. पण साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे जनरेटरवर ५ केव्हीए, म्हणजे २३० व्होल्टला २२ ॲम्पिअर येतात. १२ नंबरला ८० ॲम्पिअर धरून हाच हिशेब ३.१ केव्हीए येतो, म्हणून तुमचा ३ चा जेमतेम ओढतोय.

७.५ केव्हीए सिंगल फेज घ्या. त्यावर साधारण ३२ ॲम्पिअर मिळतात. एक नक्की बघा: पेट्रोल जनरेटरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात मॅक्सिमम छापलेलं असतं. आपल्या कामाचा आकडा प्लेटवरचा रेटेड, तोच सतत मिळतो.

वायंडिंगवाला_सांगली: वरचा हिशेब बरोबर. जुना थ्री फेज सेट स्वस्तात दाखवला तर सावध राहा. १५ केव्हीए थ्री फेजवर एका फेजला ५ केव्हीए, जेमतेम २१ ॲम्पिअर. सिंगल फेज मशीन त्यावर लावलं की एकच फेज भरतो, बाकी दोन मोकळे, आणि व्होल्टेज वाकडंतिकडं होतं. अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, एव्हीआरचाच (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचा) घ्या. कपॅसिटरवाल्यात आर्क लागला-सुटला की व्होल्टेज झुलतं आणि इन्व्हर्टरच्या कार्डाला (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला) त्याचा त्रास होतो. उलट २५ केव्हीए डिझेलही नको. दिवसभर पाव लोडवर चालला की सायलेन्सरमधून काळं ओलं तेल गळायला लागतं.

गेट_ग्रिल_बार्शी: घरी जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर मशीनही आहे, दोन फेजचं. ७.५ वर ते चालेल का?

वायंडिंगवाला_सांगली: नाही दादा. ते ४१५ व्होल्टवर चालतं, सिंगल फेज जनरेटरवर ते व्होल्टेजच नाही. शिवाय त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क नसतानाचं) ७५ धरलं तरी १२० ॲम्पिअरला ९ केव्हीए लागतात, म्हणजे दोन्ही फेजना जवळपास २२ ॲम्पिअर. १५ चा थ्री फेज सेटही कमी पडतो, किमान २० लागेल. साइटवर इन्व्हर्टरच न्या.

साइट_सुपरवायझर: चालवायची पद्धत सांगतो. जनरेटर दोन-तीन मिनिटं बिनलोड चालू द्या, मीटरवर २३० च्या आसपास आलं की मगच वेल्डिंग मशीन ऑन. बंद करताना उलट: आधी मशीन, मग इंजिन. पेट्रोल संपून इंजिन गचके खात बंद पडणं सगळ्यात वाईट. तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं आणि कार्ड जातं. म्हणून टाकी रिकामी होऊ देऊ नका.

जनरेटरपासून मशीनपर्यंतची केबल ३० मीटर लांब असेल तर ४ स्क्वेअर (चौरस मिमी) तांब्याची घ्या. २२ ॲम्पिअरवर तिच्यात ६ व्होल्ट पडतात, दीड स्क्वेअरच्या घरगुती वायरीत १६. आणि केबल गुंडाळीतच ठेवून वापरू नका, गरम होऊन वितळते.

कटर आणि वेल्डिंग एकत्र चालवू नका. कटर दोन किलोवॅटच्या वर जातो, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. त्या क्षणी आर्क तुटणारच. वेल्डिंग करताना ग्राइंडर मात्र ७.५ वर चालेल.

विकत घेण्याआधी दुकानातच आपलं मशीन लावून १० नंबरचा अख्खा रॉड ओढून बघा, मल्टिमीटर मशीनच्या प्लगपाशी. व्होल्टेज २०० च्या खाली गेलं तर तो जनरेटर सोडून द्या. आणि जनरेटर बंद शेडमध्ये कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. उघड्यावर ठेवा, वाऱ्याची दिशा बघून.