मदत हवी आहे: नववीतल्या मुलाला वाचायला शिकवायचंय, पण बालवाडीत बसवल्यासारखं न करता

नमस्कार मंडळी,
मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. नववीत एक मुलगा आहे. धडा नुसता ऐकून तोंडी उत्तरं देतो, इतिहासात तर भलताच तरबेज. पण वाचायला उभा केला की घाम फुटतो. 'प्रकाश'चं 'परकाश', 'सूर्य'चं 'सुयर'. परवा निबंधात एकाच पानावर 'विद्यार्थी' निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला, धड एकही नाही.

डोळे तपासले, नंबर नाही. घरचे म्हणतात, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला, पाठवतो. स्टाफरूममध्ये 'आळशी' हा शिक्का केव्हाच बसलाय. मला अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखनात अडण्याची, शंका आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती येते हे माहीत आहे, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशीही बोलणं चालू आहे. तेव्हा कृपा करून 'प्रमाणपत्र काढा' एवढं सांगून पळू नका! तोवर वर्गात मी काय करू?

बाराखडीपासून सुरुवात करावी का? मिसरूड फुटलेल्या पोरापुढे 'कमळ', 'बदक' ठेवलं तर त्याने पुस्तक मिटून बाकाखाली सारलं. बरोबरच केलं म्हणा. घरी मालवणी बोलतात, मग अडचण भाषेची की वाचनाची हे ओळखायचं कसं? आणि धडे मोबाइलवर ऐकवले तर वाचन कायमचं सुटेल का?

वळेसर:
ताई, मी रत्नागिरीत अशा मुलांचे वर्ग घेते. 'बांगडो', 'सुंगटा' (कोळंबी) असे त्याच्या तोंडचेच मालवणी शब्द लिहून वाचायला द्या. तिथेही अडखळला तर दोष प्रमाणभाषेचा नाही.

अख्खी बाराखडी नको. अडतं तेवढंच धरा, म्हणजे रफार आणि जोडाक्षरं. रफार बोलताना आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पोरं गोंधळतात ती तिथेच. 'सू-र्-य' असं तोडून मोठ्याने म्हणायचं, म्हणता म्हणता बोटाने गिरवायचं, मग जोडून वाचायचं. एका वेळी एकच प्रकार, दहा-पंधरा मिनिटं, पण रोज. शब्द मात्र नववीच्याच पुस्तकातले घ्या. या वयात शब्दाची घडणही कळते. 'अर्थ' जमला की 'निरर्थक', 'अर्थपूर्ण' आणि तुमचा तो 'विद्यार्थी' त्याच्याच गोतावळ्यातले म्हणून दाखवा.

धडे बिनधास्त ऐकवा, फक्त पुस्तक समोर उघडं आणि बोट ओळीवर हवं. वाचता येत नाही म्हणून इतिहास का अडवायचा? वर्गात अचानक वाचायला उभं करू नका. परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवा.

खाडीपलीकडचा:
वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो. प्रमाणपत्र झालं तर दहावीला लेखनिक आणि तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. पण उत्तर मुद्देसूद सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणं सोपं नसतं. मुलं दोन वाक्यं बोलून गप्प होतात. चाचणीत आत्तापासून सराव द्या. आधी मुद्दे चित्रांनी किंवा एकेका शब्दाने कागदावर मांडायचे, मग बोलायचं.

धागाकर्ती:
लेखनिकाचा सराव डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. रफार उद्यापासून घेते. आता गणिताचे सर विचारतायत, आकडेमोड तोंडी फटाफट करतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की कोरा कागद. त्यांनी उदाहरण नुसतं वाचून दाखवावं, की आणखी काही करावं?