फळाची अपेक्षा न ठेवता नोकरी करता येते का?

हिशोबनीस: मंडळी, सरळ प्रश्न आहे. एका कंपनीत अकाउंट्सला आहे, मार्चएंडला रात्री उशिरापर्यंत बसून क्लोजिंग केलं, जीएसटीचे मिसमॅच निस्तरले आणि अप्रेझलला साहेब म्हणतात काम करत राहा, फळाची अपेक्षा कशाला. गीतेचा बारावा नि पंधरावा अध्याय शाळेत पाठ होता माझा, पण हे रोजच्या जगण्यात खरंच लागू होतं का? अपेक्षाच सोडली तर माणूस ढिम्म बसेल की. प्रवचन नको, कुणी वापरून बघितलं असेल तर सांगा.

खडूस_काका: साहेबांचा श्लोक अर्ध्यावरच संपतो वाटतं 😄 गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकाचा शेवटचा चरण बघ, 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', हातपाय गाळून बसायचीही ओढ नको. पगारवाढ मागणं हेसुद्धा कर्मच. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ ला छापून आलं, सगळा भर कर्मयोगावर, आणि लगेच १९१६ ला होमरूल लीग काढून परत सरकारच्या मागे लागले. तो माणूस काय 'मिळेल तेव्हा मिळेल' म्हणून बसला होता?

बिनव्याजी: काकांशी सहमत, पण प्रश्न मागण्याचा नाही, मागून नाही मिळालं तर डोकं कुठे ठेवायचं हा आहे. मीही याच लायनीतली. समजा ट्रायल बॅलन्स (नावे आणि जमा बाजूंची बेरीज) २७० ने जुळत नाहीये, ९ ने भाग जातो म्हणजे बहुतेक आकडे उलटे पडलेत, मग आपण शोधत बसतो आणि कुठेतरी ३६० चे ६३० झालेले सापडतात. त्या अर्ध्या तासात इन्क्रिमेंट आठवतं का? नाही ना. विनोबा १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये गीतेवर बोलले (साने गुरुजींनी लिहून घेतलं म्हणून आपल्याला मिळालं), त्यात ते बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी म्हणतात, तिला विकर्म म्हणतात, ती जोड असली की कामाचं ओझं वाटत नाही. मला ते अशा वेळीच थोडंफार कळतं, एरवी नाही.

नास्तिक_नंबर१: ओझं वाटत नाही हे ठीक, ईएमआय कोण भरणार? एपिक्टेटस हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ तर स्वतः गुलाम होता, त्याचं म्हणणं आपल्या हातात काय आणि काय नाही हे आधी वेगळं करा. गुलामाला आधार म्हणून ठीकच आहे, पण मालकाच्या तोंडी असली वाक्यं आली की खिसा सांभाळावा.

हिशोबनीस: 😂 म्हणजे मागायचं आणि नाही मिळालं तर जळफळायचं नाही, असंच ना?

बिनव्याजी: जळफळ होणारच रे, दोन दिवस होऊ दे. पण तोंडी मागू नको. वर्षभरात काय काय निस्तरलंस ते आकड्यात लिहून मेल टाक, एचआरला सीसीत ठेव. बजेट त्यांच्या हातात, मेल तुझ्या. आणि सीव्ही अपडेट करून ठेव, त्याला गीतेत कुठेही मनाई नाही.